पेन्सिलीतली वाट

माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि भाऊजी पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हाची गोष्ट. आमचं जेवणाचं टेबल डुगडुगायचं. बारा वर्षं डुगडुगत होतं. वडिलांनी पायाखाली कागद घालून पाहिला, पुठ्ठा घालून पाहिला, एकदा तर माझ्या जुन्या चपलेचा तुकडा कापून घातला. भाऊजी बसले, पाण्याचा पेला कलंडायला लागला तेव्हा एका हातानं धरून ठेवला, आणि जेवण संपेपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. हात धुऊन झाल्यावर वडिलांनी विचारलं, "घर कसं वाटलं?"

"चांगलं आहे."

"टेबल तेवढं हलतं," वडील म्हणाले. भाऊजी गप्पच. शेवटी वडील वैतागले. "का हलत असेल हो?"

"टेबल बरोबर आहे. खालची फरशी खचलीय. पाऊण इंच."

"मग मघाशीच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

मी ताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून ताटं उचलत होती आणि हसू दाबत होती. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "सवय करून घे. मी करतेय."

भाऊजी जमीन मोजणी खात्यात मोजणीदार होते. खात्यात त्यांना सगळे इंचभाऊ म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली होती. दोन भावांचा बांध मोजायला गेले असताना, कुणी विचारलं नसताना, "हे झाड खरं तर धाकट्याच्या हद्दीत येतं" असं सहज बोलून गेले. संध्याकाळपर्यंत थोरल्याचं डोकं फुटलं होतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि विचारलं ते खरं सांगायचं. ताई म्हणायची, यांच्याकडून काही काढायचं तर आधी प्रश्नपत्रिका तयार करावी लागते.

मी स्वतः अगदी उलटा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. रुग्णालयाच्या फाटकासमोर माझा वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे, टपरीच म्हणा. तिथे उभा राहिलेला माणूस पेपर घेवो न घेवो, गावातली निम्मी बातमी माझ्याकडून फुकट घेऊन जातो. ही सवय मी लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा हात आहे.

भाऊजींची थोरली बहीण, आक्का, वरच्या वस्तीत राहायची. वरची वस्ती म्हणजे उताराच्या माथ्यावरची चाळीसेक घरं. आक्काचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, आणि गेली एकोणीस वर्षं ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होती. सहाच्या ठोक्याला हजेरी. उतारावरून खाली येणारी एक पाऊलवाट होती, तिच्या दारातून निघायची आणि माझ्या टपरीच्या मागे उतरायची. वीस मिनिटांची. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून येतो, तो सात किलोमीटर. आक्का रोज पावणेसहाला माझ्यासमोरून जायची आणि मी गठ्ठे सोडत असायचो. "काय रे, आज कोण कुणाला शिव्या देतंय?" असं विचारायची. चष्मा घरी ठेवलेला असायचा, म्हणून मी मथळे वाचून दाखवायचो.

वाट सगळे वापरायचे, पण कुठल्याच नकाशात ती नव्हती. तो उतार कुण्या जुन्या जमीनदाराचा, पडीक. कुणी कुणाला अडवत नव्हतं. मग चार वर्षांपूर्वी खात्यानं त्या सगळ्या भागाची नवी मोजणी काढली आणि काम आलं भाऊजींकडे.

आता त्यांच्या खात्यातली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. मोजणीदार जागेवर सगळं पेन्सिलीनं काढतो. जे स्वतः टेप धरून चाललं, ते घरी येऊन शाईत गिरवतो. आणि जिथे मोजणीदाराच्या नात्यातल्या कुणाचा संबंध येतो, तिथे त्यानं स्वतः शाई लावायची नाही. पेन्सिलीची रेघ तशीच ठेवायची, शेजारी एक बारीक गोल काढायचा आणि लिहायचं, "दुसऱ्याने पाहावे." मग दुसरा मोजणीदार जाऊन, चालून, शाई लावतो. ही रीत कागदावर होती. खात्यात ती पाळणारे एकटे भाऊजी. वाट काही आक्काच्या मालकीची नव्हती, फक्त तिच्या दारात संपत होती. बाकी कुणी असता तर एका झटक्यात शाई मारून मोकळा झाला असता. भाऊजींनी त्या दिवशी सगळा उतार टेपनं मोजला, ती वाट तेवढी सोडली, लांबूनच नेम धरून पेन्सिलीनं तुटक रेघ काढली, गोल काढला आणि वर लिहिलं, "दुसऱ्याने पाहावे."

दुसरा आलाच नाही. दुसऱ्या मोजणीदाराची जागा तेव्हा रिकामी होती, आजही रिकामी आहे. त्यात भाऊजींची पेन्सिल कडक शिशाची, अणकुचीदार, कागद घाण होऊ नये म्हणून. रेघ इतकी बारीक की उजेडात तिरकी धरली तरच दिसावी. पुढच्या वर्षी खात्यातले सगळे नकाशे यंत्रात घालून संगणकावर चढवले. यंत्रानं शाई उचलली. पेन्सिल उचलली नाही.

आणि मग परदेशी कंपनी आली. जमीनदाराच्या वारसांनी अख्खा उतार तिला विकायला काढला. तिथे कंपनी चारा पिकवणार आणि जहाजानं आपल्या देशातल्या गाईंना पाठवणार, असं ठरलं. वाद पेटायला आणखी काय हवं? माझ्या टपरीवर दोन मोठी वर्तमानपत्रं खपतात. एकाचे मथळे लाल, एकाचे निळे. लाल पेपर विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा, निळा सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या माणसाचा. लालमध्ये रोज यायचं, "मायभूमी गाईंच्या गव्हाणीत." निळ्यामध्ये यायचं, "पाचशे नोकऱ्यांवर कुणाचा डोळा?" एके दिवशी दोघांनी एकच फोटो छापला, उतारावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याचा. लालमध्ये तो जमीन जाणार म्हणून रडत होता. निळ्यामध्ये त्याच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. तो म्हातारा मला ठाऊक होता. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि पाणी येत होतं.

गिऱ्हाईकं टपरीवर उभी राहून भांडायची. लालवाले निळ्याला विकलेला म्हणायचे, निळेवाले लालला. मला गंमत वाटायची. दोन्ही संपत होते, मला काय? आता हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

एकदा ते कंपनीचे परदेशी साहेब रुग्णालयात कुणाला तरी भेटायला आले आणि टपरीशी थांबले. बरोबर एक दुभाषा. साहेबांनी विचारलं, यातला खरा पेपर कोणता? मी दोन्ही दिले. ते हसले आणि दोन्ही घेऊन गेले. माणूस वाईट वाटला नाही. त्यांना ती वाट ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं, कारण त्यांच्या हातातल्या नकाशात ती नव्हती.

हे कळलं ते कुंपणाचे खांब रोवायला लागले तेव्हा. आक्का एका सकाळी म्हणाली, "अरे, वाटेवर खड्डे खणलेत. आपल्या वाटेचं काय झालं, विचार ना तुझ्या भाऊजींना." मी संध्याकाळी ताईकडे गेलो आणि विचारलं. विचारलं म्हणून भाऊजींनी सगळं सांगितलं, गोलासकट. "मूळ कागद खात्यात आहे," ते म्हणाले. "मी उद्या वर अर्ज देतो." त्यांनी अर्ज दिला. अर्जाला क्रमांक मिळाला.

आठवडाभर काही हललं नाही. नवव्या दिवशी लाल पेपरचा वार्ताहर माझ्याकडे चहा पीत उभा होता आणि मी बोलून गेलो. मला वाटलं, छापून आलं तर काम लवकर होईल. "खात्याच्या मूळ कागदावर वाट आहे हो, पेन्सिलीत. संगणकावर आलीच नाही." एवढंच. देवाशपथ एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा सोडला आणि पहिल्या पानावर तो मथळा. "परदेश्यांसाठी वाट पुसली! खात्यातील विश्वसनीय सूत्रांचा गौप्यस्फोट." विश्वसनीय सूत्र हातात गठ्ठ्याची सुतळी धरून रुग्णालयाच्या फाटकासमोर उभं होतं.

मोजणी एकट्या भाऊजींनी केलेली, त्यामुळे खात्यात सगळ्यांनी सूत्र कोण ते ओळखलं. खात्याच्या साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, "तुम्ही पेपरवाल्यांशी बोललात?" भाऊजी म्हणाले, "नाही." खरंच होतं ते. कुणी विश्वास ठेवला नाही. भाऊजींनी मला विचारलं असतं तर मी कबूल केलं असतं. त्यांनी विचारलं नाही. ते माझ्याकडे पाहायचे आणि पेपर घेऊन जायचे, दोन्ही, पूर्वी एकच घ्यायचे.

इतका गवगवा झाल्यावर सरकारला सुनावणी लावावी लागली. नगरभवनाच्या सभागृहात, सगळ्यांसमोर. मूळ नोंदीत वाट आहे असं ठरलं तर कंपनीला कुंपणात ती मोकळी सोडावी लागणार, नाही ठरली तर उतार बंद. एवढा एकच प्रश्न होता. वस्तीतल्या माणसांनी आधी जबान्या दिल्या, आक्कानंही दिली. पण विरोधी पक्षानं जोर दाखवायला दोन ट्रक भरून बाहेरची माणसं आणली होती. तीही "आम्ही रोज या वाटेनं जातो" म्हणायला लागली आणि त्यातल्या एकाला वाट उताराच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगता येईना. सभागृह हसलं. निळ्या पेपरचा फोटोग्राफर फोटो काढत होता. त्या हसण्यात वस्तीतल्या खऱ्या जबान्या वाहून गेल्या. सुनावणीचे साहेब म्हणाले, "आता खात्याचा माणूस काय सांगतो ते महत्त्वाचं."

भाऊजी उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला ती पेन्सिल. तिसऱ्या रांगेत आक्का, तिच्या मागे मी आणि ताई. कंपनीचा वकील तरुण होता आणि फार अदबीनं बोलत होता.

"ही रेघ तुम्ही काढलीत?"

"हो."

"शाईत का नाही?"

"दुसऱ्या मोजणीदारानं पाहायची होती."

"का बरं?"

"वाट माझ्या बहिणीच्या दारात संपते."

सभागृहात कुजबुज उठली. वकिलानं ती ओसरू दिली. "त्या दुसऱ्यानं पाहिली?"

"नाही."

"मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः त्या वाटेनं चाललात?"

"नाही."

"पेन्सिलीची रेघ मागाहूनही काढता येते, बरोबर?"

"येते."

"धन्यवाद."

भाऊजी बसले नाहीत. उभेच राहिले. मला कळलं ते कशासाठी थांबलेत. पुढचा प्रश्न सगळ्यांना दिसण्यासारखा होता. त्या दिवशी नाही, पण एरवी कधी चाललात का? आयुष्यात एकदा तरी? एवढं कुणी विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि ते खरं बोलतात हे त्या साहेबांनासुद्धा कळलं असतं. तो प्रश्न विचारायचा हक्क विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला होता, हरकत त्यांच्या नावानं नोंदवलेली होती. साहेबांनी विचारलं, "हरकतदारांना काही विचारायचंय?" खुर्ची रिकामी होती. पुढारी बाहेर पायऱ्यांवर उभे राहून टीव्हीवाल्यांना वाटेचं महत्त्व समजावून सांगत होते.

मी अर्धवट उठलो. दारातल्या पोलिसानं हातानं खाली बसायची खूण केली आणि मी बसलो. एरवी जगाला बातम्या पुरवणारं माझं तोंड तेव्हा उघडलं नाही. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

साहेब म्हणाले, "बसा तुम्ही." भाऊजी बसले.

दुसऱ्या दिवशी निळा पेपर म्हणाला, "बहिणीसाठी काढली वाट! मोजणीदाराची भर सभेत कबुली." लाल पेपर म्हणाला, "मोजणीदार फुटला! वाट चाललोच नाही म्हणतो." चाळीस घरांची वाट आणि एका माणसाची अब्रू, दोन्ही मी स्वतःच्या हातानं मोजून विकत होतो. पावणेसहाला आक्का आली. मथळे विचारले नाहीत. मीही वाचले नाहीत.

भाऊजींनी मग आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही संपादकांना पत्र लिहिलं. चार वाक्यांचं. "रेघ मी काढली. ती मोजणीच्याच दिवशी काढली. ती पाहायला दुसरा मोजणीदार यायला हवा होता. कोणी आले नाही." मी स्वतः दोन्ही कचेऱ्यांत नेऊन दिलं. निळ्यानं पहिलं वाक्य छापलं. लालनं शेवटचं. मधली दोन कुठे गेली ते विचारायला मी गेलो, तर लालचा वार्ताहर म्हणाला, "जागा कमी होती हो. आणि ते आता शिळं झालं." तोवर कुठल्याशा बंदराच्या कराराचा वाद निघाला होता.

पंधरा दिवसांनी निकाल आला. नोंदीत वाट नाही. तारेचं कुंपण पूर्ण झालं. आक्का पहाटेच्या अंधारात निघून सात किलोमीटर वळसा घालून चालायला लागली, कारण वस्तीतून बस दिवसाला एकच, तीही सकाळी साडेसहाची. पावणेसहाऐवजी कधी सव्वासहा, कधी साडेसहा. एकोणीस वर्षांत एक खाडा नसलेल्या बाईच्या नावापुढे रोज उशिराची फुली पडायला लागली. गुडघा सुजला. सव्विसाव्या दिवशी धुलाईखान्याच्या मुकादमानं, त्यालाही वाईट वाटत असताना, तिला दुसरी बाई पाहिल्याचं सांगितलं.

त्या दिवशी दुपारी ती ताईकडे आली. मीही तिथेच होतो. भाऊजी खिडकीशी बसले होते. खात्यानं त्यांना जागेवरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं होतं आणि ते बहुतेक रजेवरच असायचे. आक्कानं पाणी प्यायलं, गुडघा लांब केला आणि नोकरी गेल्याचं सांगितलं, जसं पावसाचं सांगावं तसं. ताई रडायला लागली. भाऊजींना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हणालो, "भाऊजी, पेपरवाल्याला मी बोललो होतो. ते सूत्र मी."

"माहीत आहे," ते म्हणाले.

आक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भावाकडे पाहत होती. "त्या दिवशी तू उभा होतास ना, सगळं झाल्यावरही," ती म्हणाली. "मी तुला लहानपणापासून ओळखते. मला कळलं तू कशाला उभा आहेस. तिथे कुणी विचारलं नाही. मी विचारते. तू त्या वाटेनं कधी आलास का रे?"

भाऊजींनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग बोलायला लागले. "आलोय. पहिल्यांदा आलो तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तुझं लग्न होऊन तू तिकडे गेलीस, तुझी शिवणाची पेटी आपल्याकडेच राहिली होती, ती डोक्यावर घेऊन आलो. मोठ्या दगडापाशी पडलो आणि पेटीचा कोपरा तुटला. मग शाळा सुटली की दर शनिवारी यायचो. पायऱ्यांसारखे सतरा दगड आहेत, नववा हलतो. दाजी आजारी पडले तेव्हा त्यांना खाटेवर घालून त्याच वाटेनं उतरवलं. पुढचा डावा खांदा माझा होता. पाणवठ्याच्या वळणावर त्यांनी थांबा म्हटलं, वस्तीकडे पाहायचं होतं त्यांना. आपण थांबलो. परत नेलं तेही त्याच वाटेनं. तेव्हापण डावा खांदा माझाच होता. मोजणीच्या आदल्या रविवारी आलो होतो. तू पायरीवर बसून चष्मा पुसत होतीस. आणि मोजणीच्या दिवशी खालून दिसत होतीस तू, दारात. हात केलास. मी टेप धरलेला होता म्हणून हात केला नाही."

इतकं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, ताईनंही नसावं. ऐकायला आम्ही तिघं होतो आणि लिहून घेणारा कुणी नव्हता. वर्तमानपत्रं विकणारा एक मी, पण छापणाऱ्यांपैकी कुणालाही नेऊन द्यावं असं मला वाटेना. आक्कानं हात पुढे करून भाऊजींच्या खिशातली पेन्सिल सरळ केली, ती तिरकी झाली होती.

"एवढंच बोलायचं होतं रे तिथे," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली, आणि त्याचंच भाऊजींना जास्त लागलं असणार.

ताई म्हणाली, "आक्का, आज राहा इथेच." आक्का नको म्हणाली, घर उघडं टाकून आलेय. चप्पल घालून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. उजेड आहे तोवर पोचायला तिला आत्ताच निघायला हवं होतं.